नाकातून की डोक्यातून

आज माहेरच्या दारातच धने करपल्याचा वास आला आणि डॉक्टरांच्या खोलीतली ती दुपार आठवून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या मेंदूच्या तळाशी गाठ होती आणि तिची नजर झपाट्यानं कमी होत होती. डॉक्टर फिल्म दाखवत म्हणाले, "गाठीपर्यंत दोन वाटा आहेत. नाकातून गेलो तर डोक्यावर व्रण नाही, पण वास बहुधा कायमचा जाईल. डोकं उघडलं तर वास वाचू शकेल, पण पुढचे केस काढावे लागतील." केस म्हणताच पाचोडहून आलेले थोरले चुलते उसळले, "सवाष्ण बाईचं डोकं भादरायचं? पोरीचं लगीन तोंडावर आलंय, मांडवात कशी बसंल ती? नाकातूनच करा." वडिलांनी निमूट सही केली. धसका बसेल म्हणून आईला बाहेर बाकावर बसवलं होतं. नुसत्या वासावर काळा मसाला भाजणारी, वाळूजपर्यंत तो पुरवणारी बाई, आणि तिला विचारायचं एकालाही सुचलं नाही! चुलत्यांना काय बोल लावू? लग्न माझं होतं, आणि मीही तोंड शिवून बसले. मांडवात आई अंबाड्यावर गजरा माळून मिरवली, फोटो झकास आले. नजर वाचली, हे खरं. पण आज मी स्वयंपाकघरात गेले, तर करपट वासानं भरलेल्या त्या खोलीत ती शांतपणे कढईत उलथणं फिरवत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. बघ गं, वास सुटला का?"