वीणा खाली टेकली नाही

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. आमच्या मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघून म्हणतात, या बुवांच्या पहाऱ्यात वीणा कधी खाली टेकली नाही. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आमचं गाव बाभुळगावच्या अलीकडे. चैत्रात, हनुमान जयंतीला संपेल असा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा कोणाच्या तरी गळ्यात असते आणि तो उभ्यानं नाम घेत राहतो. पहारा संपला की पुढच्याच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात घालायची. ती जमिनीला टेकली की सप्ताह खंडित झाला. त्या वर्षी माझा पहारा दुपारचा होता. पुढचे पहारेकरी नामदेवराव वेळेवर आले, तर मीच त्यांना खुणेनं परत पाठवलं. "देवाले तुमच्याबिगर जमत नाही वाटते बुवा," असं हसत म्हणून ते जेवायला गेले. खरं सांगतो, मी सलग दोन पहारे उभा राहिलो हे गावानं बघावं, अशी माझी इच्छा होती. तोंडात देवाचं नाव होतं आणि मनात माझं.

उन्हानं देऊळ रिकामं झालं, मी वाऱ्याला दाराशी येऊन उभा राहिलो. उरले फक्त देवमनभाऊ. ते बाभुळगावचे स्पीकरवाले, बौद्ध घरातले. भीमजयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गायचे. गळा असा मोकळा की कोपऱ्यावरचा माणूस थांबून ऐके. आमच्या सप्ताहाला स्पीकर दर वर्षी त्यांचाच, पण ते मशीन घेऊन दाराबाहेर पडवीत बसत. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

नाम चालू असतानाच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गुडघे गेले, पट्टा खांद्यावरून निसटला. वीणेचा भोपळा फरशीकडे जाताना मला दिसत होता आणि हात उचलत नव्हता. इतकी वर्षं भजन केलं, पण देवाला काही मनापासून मागितलं ते त्या क्षणी. आता तूच धर, एवढंच मनात आलं.

उंबरा ओलांडून आलेल्या दोन हातांनी वीणा वरच्यावर झेलली. देवमनभाऊंनी ती स्वतःच्या गळ्यात घातली, दुपट्टा माझ्या डोक्याखाली सरकवला, आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या कपाळावर ओतलं. मग उभे राहून तार छेडत त्यांनी माझीच चाल पुढे धरली. शब्द नव्हते, नुसती चाल. फरशीवर पडल्या पडल्या मी ऐकत होतो. रोज माझ्या तोंडी असलेली ती चाल मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. तिच्यात मी कुठेच नव्हतो. तेवढी शांतता मला पुन्हा कधी लाभली नाही.

पण माईक चालूच होता. भोंग्यातून नाम थांबलं आणि नुसतं गुणगुणणं येऊ लागलं, तसे लोक धावत आले. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "ही वीणा ह्याच्या गळ्यात कशी?"

देवमनभाऊ शांतपणे म्हणाले, "बुवाले विचारा."

मी शुद्धीवर होतो. बोलता येत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, नामदेवरावही.

"मले काही माहीत नाही," मी म्हणालो.

वीणा काढून घेतली, गोमूत्र शिंपडलं, नाम पुन्हा सुरू झालं. स्पीकर त्याच दुपारी उतरवला. वायर गुंडाळून निघताना देवमनभाऊ माझ्याजवळ थांबले. "बुवा, ऊन लय आहे. पाणी पेत जा," एवढंच म्हणाले. नंतर गावात पसरलं ते असं की, बुवांनी बेशुद्धीतही वीणा छातीशी धरली होती, स्पीकरवाल्यानं ती ओढली. देवमनभाऊंना गावानं पुन्हा बोलावलं नाही. मी ते खोडलं नाही.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत राहिलो की वीणा देवानं धरली. ते म्हणणं सोयीचं होतं. देवाची माफी घरी बसून मागता येते, माणसाच्या दारात जावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात, आजारातून उठल्यावर, मी बाभुळगावला त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मग हसत विचारलं, "माह्या चालीत चूक तं नव्हती ना, बुवा? तुमच्या देवाचं नाव माह्या तोंडी बसत नाही, म्हून नुसती चाल धरली. वाजतं वाद्य खाली कायले टेकू द्यावं?"

चूक नव्हती, असं मी म्हणालो. पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात लग्नघरची माणसं स्पीकर ठरवायला आली आणि मी चहा संपवून उठलो. पुढच्या खेपेला सांगू, असं मनाशी म्हटलं. पोळ्याच्या आधीच ते गेल्याचं कळलं.

त्या दुपारी मला दोनदा सावरलं गेलं. एकदा वीणा झेलून, आणि एकदा ते "पाणी पेत जा" म्हणून. दोन्हीसाठी मी कृतज्ञ आहे. हात सुटल्यावरच कोणी तरी धरतं, हे मला कळलं. फक्त धरणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं धैर्य तेवढं झालं नाही. ते आता घेतो.

देवमनभाऊ, वीणा तुम्ही ओढली नाही. ती माह्या हातून सुटली होती अन् तुम्ही झेलली. माफ करा. मले माहीत होतं.