जरा सरका

काल सकाळी रंकाळ्यावर दाट धुकं होतं. पाण्याकडे मोबाईल धरून उभी असलेली एक मुलगी आमच्या ह्यांना म्हणाली, "आजोबा, जरा सरका ना, फोटोत येताय." आणि हे निमूटपणे मागे सरकू लागले.

ही सवय मीच लावलेली. तरुणपणी मला फोटोंचं खूळ होतं. हेच तळं मी वर्षानुवर्षं टिपलं; मे महिन्यात आटलेलं, श्रावणात पायऱ्या गिळून बसलेलं, थंडीत वाफाळणारं. "अहो, माणूस आला की तळ्याची शोभा जाते," असं म्हणून ह्यांना दरवेळी बाजूला काढायची. मोठी शहाणी! तळं कुठे पळून जाणार होतं? आता अल्बमभर पाणीच पाणी, नवरा औषधालाही नाही.

पण काल ह्यांच्या मागे शेवाळलेली पायरी होती, आणि एका डोळ्यानं ह्यांना नीट दिसत नाही. मी ओरडले, "अहो!" फिरायला आलेले तीन म्हातारे वळले. हे नाही वळले. ह्यांचा पाय उचललेला होता. लग्नाला पन्नास वर्षं झाली, उखाण्याबाहेर कधी नाव घेतलं नव्हतं. ते घेतलं, तेही सासूबाईंच्या खणखणीत सुरात. "मधुकर! हलू नकोस!"

पाय तसाच थांबला, मग हळूच पुढे टेकला. सगळा काठ माझ्याकडे बघत होता.

हे मात्र गालात हसत होते. "परत म्हण बघू."

"आधी इकडे या," मी म्हटलं. "मग ठरवते."