बिनशुद्धिपत्राचा अंक

माझी आत्या एका लॉ कॉलेजच्या त्रैमासिकाची संपादक आहे आणि तिचा कुणावरही विश्वास नाही. भाजीवाल्याचा काटा खोटा, शेजारणीची चौकशी मतलबी, एकदम गोड बोलणारा तर पक्का बेरकी. अपवाद एकच: तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा. ते कायदा शिकवतात आणि याच त्रैमासिकाचे सल्लागार आहेत. दादा म्हणाला की झालं.

अंक छापला जायचा तेव्हा आत्या निवांत होती. चूक सापडली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र. चारचौघांत नाक कापलं जायचं, पण लपवाछपवी नाही. मग कॉलेजनं छपाई बंद केली आणि अंक ऑनलाइन नेला. "इथे कुणी काय फिरवलं, कुणाच्या बापाला कळणार?" आत्या म्हणाली. म्हणून लेख वेबसाइटवर चढला की ती त्याची प्रत काढून ठेवायची आणि काही आठवड्यांनी मला समोर बसवायची. मी कागदावरून मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट. तिनं पडद्यावर पट्टी धरून ताडून बघायचं. वेबसाइट सांभाळणारा टेक्निशियन आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा. त्यामुळे तिचा पहिला संशय त्याच्यावर.

एक दिवस एका वकीलबाईंचा फोन आला. भाडेकरूंवरच्या लेखातलं एक वाक्य त्यांनी आपल्या प्रबंधात जसंच्या तसं घेतलं होतं: घर रिकामं करून घेण्याआधी नोटीस द्यावीच लागते. आता लेखात 'सहसा द्यावी लागते' असं दिसत होतं. बाईंनी सोयीसाठी वाक्य बदललं, असं म्हणून परीक्षकांनी प्रबंध अडवला होता.

"तुम्हीच घाईत चुकीचं उतरवलं असेल," आत्या म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं कपाट उघडलं. त्या लेखाची प्रत नव्हती. लेख बाबांचा होता, आणि दादाच्या लेखाची प्रत ती काढतच नसे.

ती तडक टेक्निशियनकडे गेली. "काय चाळे केलेस?"

तो चिडला नाही. त्यानं बदलांची नोंद उघडून दाखवली. तो शब्द बाबांच्या पासवर्डनं घातला गेला होता.

"चोरला असेल कुणीतरी पासवर्ड."

"सरांनाच विचारा ना, मॅडम."

तिनं आमच्या घरी येऊन विचारलं. बाबांनी चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "अगं, एक शब्द तर आहे. वाक्य जरा जास्तच ठाम झालं होतं. त्याचा गाजावाजा कशाला?"

"ती बाई खोटी पडतेय, दादा."

"घरातली गोष्ट आहे. घरातच मिटव."

आत्या उठून निघून गेली. त्याच दुपारी लेखाखाली टीप आली: प्रकाशनानंतर लेखकाने हा शब्द वाढवला आहे, मूळ वाक्य असे होते. वकीलबाईंचा प्रबंध सुटला. बाबा आता आत्याचं नावही काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वाचायला गेले. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "तू त्याच घरात राहतेस. तुला माहीत होतं ना?"

"नाही गं आत्या. खरंच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं माझ्या हातातले कागद काढून घेतले.

हल्ली तिच्यासमोर बसून टेक्निशियन वाचतो. मला रागही येतो आणि रडूही येतं. मला खरोखर काहीच माहीत नव्हतं, पण ते दाखवायला माझ्याकडे कसलीच नोंद नाही.