पडवीतल्या वड्या

डोंगरकडा या आमच्या गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. तिथं इन्शुलिन आणि इंजेक्शनं ठेवायचा एक छोटा फ्रिज आहे. त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मी कित्येक वर्षं माझ्या वहिनीची स्टीलची ताटली ठेवत आलो. वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचो आणि वड्या घट्ट झाल्या की तशीच गुंडाळून घरी आणायचो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, बायकोलाही नाही. औषधांच्या फ्रिजात खायची वस्तू ठेवू नये हे मला कळतं, पण लपवायचं कारण ते नव्हतं. त्या ताटलीत चॉकलेटच्या वड्या असायच्या, आणि त्या रत्नावहिनीनं पडवीत बसून केलेल्या असायच्या.

आमच्या घरात बायकांनी महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत काढायचे. स्वयंपाकघर, देवघर, माठ, फ्रिज, लोणच्याची बरणी, कशालाच शिवायचं नाही. जेवणाचं ताट उंबऱ्याबाहेर सरकवलं जायचं. हा आईचा नियम होता आणि आईचा नियम म्हणजे घराचा नियम. पडवीत एक वाकळ, एक तांब्या, एक ताटली, आणि कोनाड्यात कंगवा, आरसा अन् डोक्याच्या तेलाची बाटली, एवढाच संसार.

रत्नावहिनी पुसेगावची. दादाची बायको. अंगानं काटक, आवाजानं दांडगी. नवी नवरी असताना पहिल्यांदा पडवीत बसली तेव्हा आम्हाला वाटलं, आता चार दिवस घर शांत राहील. कसलं काय! दुपारी आतून करपल्याचा वास सुटला आणि पडवीतून आरोळी आली, "भाऊजी, वरन करपून राहिलंय, उतरवा की! मी शिवले न्हाई बरं का, नुसतं नाकानं सांगितलं." आई रागानं लाल झाली. पण वरण खरंच करपत होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. तेव्हापासून वहिनीनं पडवीतून घर चालवायला सुरुवात केली. कोणाचा डबा राहिला, दूधवाल्यानं पाणी किती घातलं, हळद वाळवायला टाकलीय तिकडं कोणाची गाय चाललीय, सगळं तिला तिथून दिसायचं आणि ती मोठ्यानं सांगायची. आई म्हणायची, "हिला बाजूला बसवलं की ही जास्तच मधी येती."

माझ्या दुकानातही ती यायची. मी पॅडचा पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून द्यायचो. सगळेच दुकानदार देतात. एकदा गिऱ्हाइकं उभी असताना ती म्हणाली, "भाऊजी, काहून इतकं बांधता? पुड्यात साप हाय का? चावल का कोनाला?" दोन बायका पदरात हसल्या. मी खाली मान घालून सुटे पैसे शोधत राहिलो. माझा तो स्वभावच आहे. बोलायची वेळ आली की मी काहीतरी शोधायला लागतो.

वड्यांची सुरुवात एका थंडीत झाली. पडवीत बसून ती फोनवर काहीबाही बघायची. एक बाई चॉकलेटचा फज का काय तो करून दाखवत होती, गॅस न पेटवता, खोबरेल तेलात. वहिनीच्या कानात एवढंच शिरलं, की विस्तव लागत नाही. मला दारात बघून तिनं हाक मारली. सासूला, म्हणजे माझ्या आईला, ती आत्याबाई म्हणायची. "भाऊजी, आत्याबाई काय म्हन्त्यात? चुलीला शिवायचं न्हाई. बराबर? चुलीबिगर काही करायचं न्हाई असं म्हन्ल्यात का कधी?"

मी म्हटलं, "तसं नाही म्हटलं."

"मग हिंगोलीहून येताना कोको पावडर आना. आन पिठीसाखर. कुनाला सांगू नका."

मी आणली. थंडीत खोबरेल तेल गोठतं, म्हणून तिनं कोनाड्यातली बाटली सगळ्यांसारखीच उन्हात ठेवली. तेल पातळ झालं. वाटीत तेल, त्यात जुन्या ओढणीतून गाळलेला कोको, पिठीसाखर आणि मिठाची एक कणी. चमच्यानं घोटत बसली. गुठळी राहू द्यायची नाही, हा तिचा हट्ट. मग ते काळंभोर सारण ताटलीत ओतलं, वरून बाजारचे खारे शेंगदाणे भरडून पेरले आणि ताटली थंडीत पडवीच्या ओट्यावर ठेवली. सकाळी तिनं त्याच्या वड्या पाडल्या आणि पहिली मला दिली.

तोंडात टाकली आणि मला माझ्या मावशीच्या अंबाड्याची आठवण झाली. तेल चमेलीच्या वासाचं होतं. वहिनीनंही एक खाल्ली, क्षणभर थांबली आणि पोट धरून हसायला लागली. "डोस्क्याचं तेल पोटाला लावलं, भाऊजी. आता अक्कल तिकडं उगवंल."

दुसऱ्या महिन्यात मी दुकानातून बिनवासाचं, खायचं म्हणून शिक्का असलेलं शुद्ध खोबरेल तेल आणून दिलं. आमच्याकडे हे तेल कोणी खात नाही. शेंगदाण्याचं खातात, करडईचं खातात. खोबरेल म्हणजे केसाला. पण त्या वेळी जी वडी झाली ती मी विसरलेलो नाही. जिभेवर ठेवली की चावायची गरज नाही, आपोआप विरघळते, आणि मग एकेक खारा दाणा दाताखाली येतो. वहिनी म्हणायची, "फज-बिज तिकडं. आपल्याकडं ही वडी. आन खाताना जिभेला इचारा, शेजाऱ्याला नगं."

थंडी सरली आणि अडचण उभी राहिली. आपल्याकडच्या उन्हात ते सारण कसं घट्ट व्हावं? आणि घरच्या फ्रिजला तर तिचा हात लागायचा नाही. आई त्यावर डोळा ठेवून असायची. एक दिवस वहिनीनं पातळ सारणाची ताटली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, गुंडाळली, दुकानात नेली. त्यानंतर दर महिन्याला ते होत राहिलं. माझी बायको तिच्या दिवसांत पडवीत बसायची तेव्हा तिलाही वड्या मिळायच्या. ती मला सांगायची, "वहिनी काय जादू करून राहिल्यात काय माहीत, इतक्या गरमीत वड्या वळतात." मी हूं म्हणायचो. त्या ताटलीला हात लावून मी घरी यायचो, हातपाय धुवायचो आणि देवापुढे निरांजन लावायचो. आमचं काहीही बाटलं नाही.

वहिनीची मुलगी सानिका सातवीत गेली तेव्हापासून वहिनीच्या बोलण्याला धार आली. एकदा विळीवर भाजी चिरता चिरता ती मला म्हणाली, "माझं झालं ते झालं, भाऊजी. माझं लेकरू त्या पडवीत बसनार न्हाई. आत्याबाई आडव्या झोपल्या दारात तरी न्हाई." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघायचं न्हाई. तवा बोलायचं."

त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या आणि भोजनाच्या दिवशी सकाळीच सानिकाला पहिल्यांदा पाळी आली. घर भरलेलं. दोन आत्या, मावशी, सोळा भाज्यांची चिराचिरी, पुरण शिजत होतं. आईला कळलं तशी ती मोठ्या आत्याला म्हणाली, "पोरीला पडवीत बसव. लक्ष्म्यांच्या वाऱ्याला उभी करू नको." सानिका रडायला लागली. तिनं लक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या स्वतः घातल्या होत्या.

वहिनी पुरणाचं पातेलं उतरवून बाहेर आली. "ती बसनार न्हाई," म्हणाली.

"घर बाटवायचंय का तुला?" आई म्हणाली.

"बाटतं म्हन्ता? मग परवा आल्या आल्या सगळ्यांनी फ्रिजातल्या डब्यातल्या वड्या खाल्ल्या त्याचं काय? तुमी तर मागून घेतल्या. त्या मी पडवीत बसून केल्या व्हत्या, गेल्या हप्त्यात, माझ्या दिवसांत. झाली का कोनाला तकलीफ? दुखलं का पोट?"

सगळ्या बायकांचे चेहरे उतरले. मावशीनं तर तोंडाला पदर लावला. पण आई डगमगणारी नव्हती. "लबाड बोलून राहिलीस. खोबऱ्याचं तेल ह्या दिवसांत पान्यावानी ऱ्हातं. तुझ्या दिवसांत फ्रिजला तुझा हात लागला न्हाई, म्या राखन केली. मग वड्या वळल्या कशा पडवीत? बाजारातून आनल्या असशीन आन आता पोरीसाठी गोष्ट रचलीस."

आईचं म्हणणं बिनतोड होतं. ते तोडणारा माणूस त्या ओसरीत एकच होता. वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, उलट सुटल्यासारखं हसू होतं. "भाऊजी, सांगा ह्यांना."

आई माझ्याकडे बघत होती. दादा, आत्या, बायको, सानिका, सगळे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "मला काय माहीत? बाजारच्या असतील."

ओसरीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणीच बाटलं नव्हतं. आत्या लगेच म्हणाली, "बघ गं बाई, काहीच्या बाही बोलती." आणि तिनं सानिकाचा दंड धरून तिला मागं नेलं.

वहिनीनं कोको आणि तेल घेतलं आणि ती पडवीत गेली. तिचे दिवस नव्हते. तरी ती लेकीशेजारी वाकळेवर बसली आणि दोघी वाटीत चमचा फिरवत राहिल्या. घरची मोठी सून महालक्ष्म्यांच्या पंगतीला वाढायला नाही, ही गोष्ट तेव्हा अख्ख्या गल्लीत झाली. दादा दोनदा बोलवायला गेला. "मला बाजूला बसायची सवय हाय," ती आतून म्हणाली, "तुमी जेवून घ्या. पुरनात जायफळ कमी पडलंय, तेवढं बघा." खरंच कमी होतं.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्म्या उठायच्या आधी, ती सानिकाचा हात धरून पडवीतून निघाली. अंगणातून ओसरीत, ओसरीतून स्वयंपाकघरात. आई दारात उभी होती. वहिनी थांबली नाही, आईला धक्काही लागू दिला नाही, अंग चोरून आत गेली. फ्रिज उघडला. पातळ सारणाची ताटली सानिकाच्या हातात होती. "ठेव," म्हणाली. सानिकानं ठेवली. फ्रिजचं दार लावून वहिनी त्याला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वड्या वळंस्तोवर मी हितंच हाय. आता कोनाला साक्षीला बोलवायची गरज न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात पडवीत कोणी बसलं नाही. माझी बायकोही नाही. आता तिथं हळदीची पोती असतात. वहिनीनं नियम मोडला म्हणून माझ्या घरातली बाई सुटली, आणि मी त्यासाठी बोटही हलवलं नव्हतं. आईनं मात्र वहिनीच्या हातचं खाणं सोडलं. नियम मोडला यासाठी नाही. आई म्हणायची, "बाटवलं असतं तर गोमूत्र शिंपडलं असतं. लक्ष्म्यांपुढं खोटं बोलली, त्याला काय शिंपडू?" पाहुण्यारावळ्यांत आजही वहिनीचं नाव निघालं की तेच निघतं. रत्ना ना, कामाला वाघ, पण लबाड.

सानिकाला नर्सिंगला नांदेडला प्रवेश मिळाला तेव्हा दादा-वहिनी तिकडं राहायला गेले. टेम्पोत सामान चढत होतं. मी दोरी शोधत होतो. वहिनी जवळ आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलली.

"भाऊजी, तुमी घाबरले त्याचं मला काही न्हाई. आत्याबाईला समदेच घाबरतात. पन ‘बाजारच्या’ काहून म्हन्ले? तशी वडी मिळती का बाजारात?"

मी म्हटलं, "नाही मिळत."

"मंग," ती म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली. वरून ड्रायव्हरला गाडी कशी वळवायची ते सांगायला लागली.

हे लिहिलं खरं, पण लिहून काही होत नाही. आईला वाचता येत नाही. ती आत्ताही बाहेर ओसरीत बाजेवर बसलेली आहे, कान अजून शाबूत आहेत. वहिनी खरं बोलत होती, वड्या पडवीतच केलेल्या होत्या, ताटली मी माझ्या हातानं फ्रिजात ठेवली होती, हे मी आईला सगळ्यांदेखत तोंडानं सांगायचं आहे. ते मी रत्नावहिनीचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.