रेसवरचा पाय

आज आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो आला. डिझेलचा वास आला आणि मी खळ्यातच थबकले.

लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरी न्यायला भाऊ आला, त्याच दिवशी सासरे लिलावातला जुना मिलिटरी ट्रक चालू करत होते. मला आत बसवून रेस दाबायला लावली. "सूनबाय, पाय काढू नको हां, नायतर परत बंद पडंल!"

इंजिन धडधडले. सगळे नारळ फोडायला पुढे धावले. भाऊ खिडकीशी येऊन ओरडला, "ताये, चल गो, एसटी आली!" मी रेस तशीच दाबून धरली. सासरे हसले, "पाव्हणं, तुमची ताय आता आमची डायवर झाली!"

भाऊ एकटाच गेला. माहेर मग भातकापणीनंतरच दिसले.

आता वाटते, पाय काढला असता तर फक्त एक ट्रक बंद पडला असता.