उतरवायचं, पण भरायचं नाही

शारजाच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं माझं पुण्याचं तिकीट पाहिलं, संगणकात डोकावली आणि गोड हसून म्हणाली, "सर, आपको हैदराबाद भेज रहे हैं." जणू मला बक्षीसच लागलं होतं! माझं डोकंच फिरलं. हैदराबादला माझं कोण बसलंय?

मला जायचं होतं शिरूर तालुक्यात, भीमेकाठच्या एका वस्तीवर, माझ्या धाकट्या बहिणीकडे, संगीताकडे. तिच्या पोराचं जावळ (बाळाचे पहिले केस) काढायचं होतं. आम्हा धनगरांकडे जावळ निघतं ते मामाच्या मांडीवर, आणि या पोराला सख्खा मामा मी एकटाच. पोर जन्मल्यापासून मला रजा मिळाली नव्हती, आणि आता त्याला तिसरं लागलं होतं. संगीताचे सासरे आप्पा. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "दिवस मावळायच्या आत या. न्हाईतर दुसरा मामा बसवू. देवाचं काम हाय, खोळंबा नको."

मी त्या पोरीशी भांडायला सुरुवात केली. पुणे का नाही? म्हणे, स्लॉट मिळाला नाही. स्लॉट म्हणजे विमान उतरायची नेमून दिलेली वेळ. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, त्यांचं उरकून जो वेळ उरेल तो प्रवासी विमानांचा. बरं, मग इथल्या कंपनीच्या विमानात बसवा. तर त्यांना पुण्यात उतरायचा हक्कच नाही! त्यांनी कुठल्या शहरात उतरायचं आणि आठवड्याला किती खुर्च्या न्यायच्या, हे दोन्ही सरकारांनी ठरवून टाकलंय. मुंबई? मुंबई फुल. मी पंधरा वर्षं क्रेन चालवतोय, टनांनी लोखंड हवं तिथं अलगद उतरवतो. आणि मला एकट्याला पुण्यात उतरवणं या दोन देशांना जमेना. बसलो मुकाट्यानं.

खिडकीची जागा मिळाली, तीही अंगाशीच आली. समुद्र संपला, घाट गेला आणि थोड्या वेळानं खाली उजनीचं लांबलचक पाणी चमकायला लागलं. म्हणजे पुणं मागं पडलं होतं आणि दौंड इथंच कुठंतरी पायाखाली होतं. उसाचे हिरवे तुकडे दिसत होते. शेजारच्या माणसाला म्हटलं, "अहो, ते बघा माझ्या बहिणीचं गाव!" तो म्हणाला, "अच्छा," आणि झोपला. गाव मागं जाताना बघून मला अक्षरशः शिवी आली.

हैदराबादहून पुण्याच्या विमानात जागा नव्हती. मग रेल्वे. संडासाजवळ बॅगेवर बसून दौंडला उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. फलाटावर वडापाव घेतला. तो तेवढा गरम आणि झणझणीत निघाला, त्याबद्दल दौंडचे आभार. तिथून केडगावच्या चौफुल्यावर आलो आणि वाटलं, सुटलो एकदाचा. इथून भीमेचा पूल ओलांडला की बहिणीची वस्ती.

चौफुल्यावर एक जीप रिकामी होत होती. पलीकडची, शिरूरची. उतारू उतरले आणि ड्रायव्हर परत फिरायला लागला. मी बॅगा घेऊन धावलो.

"भाऊ, पुलापलीकडं सोडा."

"बसवता येणार न्हाई, पाव्हणं."

"का? गाडी तर रिकामी चाललीय!"

"आमी हितं उतरवायचं, भरायचं न्हाई. हितला नंबर हितल्या जीपांचा. त्यांनी आमच्या शिरूरला उतरवायचं, भरायचं न्हाई. ठरल्यालं हाय."

इथल्या नंबराची जीप झाडाखाली उभी होती. तिच्यात एक म्हातारी आणि कोंबड्यांची पाटी, एवढंच. सीट भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी कपाळावर हात मारला आणि शारजापासूनची सगळी रामकहाणी त्या ड्रायव्हरला ऐकवली. तो मान डोलवत राहिला.

"मंग बराबर हाय की त्यांचं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या स्टँडवर माणूस उचलला तर मारामाऱ्या व्हतील."

"अरे, पण माणसानं जायचं कसं?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चालत म्होरं या. त्या रसवंतीच्या पल्याड स्टँड संपतंय. तितनं घेतो."

भर उन्हात दोन बॅगा ओढत मी रसवंतीपर्यंत चालत गेलो. माझ्यामागून तीच रिकामी जीप बैलगाडीच्या चालीनं येत होती! रसवंती ओलांडली तसं त्यानं दार उघडलं. "बसा आता. आता कायद्यात हाय." मला रडावं का हसावं कळेना.

वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापाशी पोचलो तेव्हा सूर्य उसात टेकला होता. पाव्हणे जेवून पानं खात बसले होते, न्हावी वस्तरा घेऊन चुळबुळ करत होता. दुसरा मामा, आमचा एक चुलतभाऊ, नवा फेटा बांधून तयार होता. आणि संगीता पोराला पोटाशी धरून देवळाच्या पायरीवर बसली होती. सकाळपासून घासभर खाल्लं नव्हतं तिनं.

"दादा!" ती ओरडली आणि तिला रडूच फुटलं. "म्या सांगत व्हते ह्यास्नी, माझा भाऊ येनार म्हंजी येनार!"

आप्पा म्हणाले, "या. बसा लवकर."

मी पाटावर मांडी घातली. संगीतानं पोर माझ्याकडे दिलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि असं किंचाळलं की न्हावी दोन पावलं मागं सरला. "माजा मामा न्हाई! माजा मामा फोनमदी हाय!"

बाया हसल्या. मी नाही हसलो. चॉकलेट दिलं, ते त्यानं फेकून दिलं. शेवटी संगीतानंच मला तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी माझा फोन एका हातानं तोंडासमोर धरला, दुसऱ्या हातानं पोराला मांडीवर आवळलं. तिनं तिचा फोन पोराच्या पुढं धरला. त्यात माझं तोंड दिसलं आणि पोर एकदम गप्प झालं.

"मामा!"

"बोल की, सोन्या. जेवला का?"

आवाज त्याच्या मानेमागून येत होता, पण त्यानं वळून पाहिलं नाही. तो फोनमधल्याला सांगत राहिला, शेळीला पिल्लू झालं, आप्पानं घोडा आणला. वस्तरा फिरत होता, त्याची आत्या केस पदरात झेलत होती. मऊ डोकं माझ्या छातीला टेकलं होतं.

जावळ झालं. मी फोन बंद केला.

पोरानं चौफेर पाहिलं आणि भोकाड पसरलं. "मामा गेला," ते आईला रडत रडत सांगत होतं. माझ्याच मांडीवर बसून.