पाठीतल्या सुईचा कागद

पोरीच्या पोटातलं बाळ आडवं होतं, म्हणून सिझर ठरलं. कुसगावहून आम्ही सकाळीच दवाखान्यात आलो. जावयाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबतीला मी, बाप.

भूल देणारी डॉक्टरीण आली. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं, असं तिनं सांगितलं. त्यासाठी औषधं दोन. दोन्ही वापरातली. एकानं पाय जरा जास्त वेळ जड राहतात, दुसऱ्यानं लवकर हलतात. बाईला कुठलं जास्त सोसतं ते दवाखाना ताडून बघत होता. कुणाला कुठलं, ते चिठ्ठी काढून ठरणार. राजी असाल तर सही करा, नसाल तर नेहमीचं, पहिलं देऊ, काही अडत नाही, म्हणाली. कागद तिनं पोरीच्या हातात दिला. पोरगी बारावी झालेली. तिनं सगळा वाचला आणि पेन उचललं.

मी कागद ओढून घेतला. बापानं वाचल्याबिगर सही व्हायची न्हाई, असं ठणकावलं.

माझी शाळा चौथीची. अक्षरं बारीक, शब्द सुटा सुटा लागत होता, ओळ काही लागेना. दोघी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. डॉक्टरीण हळूच म्हणाली, आबा, समजावून सांगू का? तेवढंच झोंबलं मला.

"आमची पोर काय जनावर हाय का, औषधं लावून बघायला?"

"ताई, तुम्ही सांगा. निर्णय तुमचा आहे," डॉक्टरीण पोरीला म्हणाली.

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

नेहमीचं औषध दिलं. नात झाली, दोघी चांगल्या. दुपारी पोरगी पाय हलवायला बघत होती, हलत नव्हते. होतं असं, थोड्या वेळानं हलतील, असं नर्स सांगून गेली. मग पोरगी मला म्हणाली,

"आबा, कागदात काय वावगं दिसलं तुमाला? मी वाचला, पण मला काय दिसलं न्हाई."

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो,

"व्हतं काहीतरी. तुला न्हाई कळायचं."

तिनं मान डोलावली. "मग बरं झालं, तुमी व्हता."

संध्याकाळी पाय हलले. तिनं जावेला फोन लावला. आमच्या आबांनी कागद नीट वाचला म्हणून, न्हाईतर मी सही करूनच बसले व्हते, असं सांगत होती. नात माझ्या मांडीवर होती. मी तिच्याकडं बघत बसलो आणि ऐकूच आलं नाही असं दाखवलं.